तीनशे टेबलांचा डेटाबेस आवरायचाय, सुरुवात कुठून करू?

विभाग: तंत्रज्ञान » मदत हवी आहे

मोंढ्यातला_मुनीम (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. परभणी भागातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीत मी हिशोब आणि कॉम्प्युटर अशी दोन्ही कामं बघतो. सोयाबीन, तूर, हरभऱ्याची खरेदी, एक गोदाम आणि अलीकडे छोटी डाळ मिल. खरेदीचं सॉफ्टवेअर मुळात एका अडत दुकानासाठी पीएचपी भाषेत, मायएसक्यूएल या डेटाबेसवर करून घेतलेलं. दुकानमालक पुढे आमचे संचालक झाले, म्हणून तेच कंपनीला जुंपलं. मग एकामागून एक पोरं आली. जो आला त्यानं आपलं टेबल वाढवलं, आधीच्याचं कुणी काढलं नाही.

सध्या मायएसक्यूएल ५.७ आहे आणि टेबलं तीनशेच्या वर. शेतकऱ्यांचीच तीन: ‘फार्मर_मास्टर’, ‘फार्मर_मास्टर_न्यू’ आणि ‘शेतकरी_फायनल’. ‘टेम्प’ने सुरू होणारी पंचवीस-तीस. ‘बॅकअप_मार्च’ किती, ते विचारूच नका. जीएसटी १ जुलै २०१७ ला लागला, पण व्हॅटच्या काळातली टिन नंबरवाली टेबलं अजून ठाण मांडून आहेत. सगळ्यात मोठं टेबल ‘लॉग’, एकटंच चाळीस जीबीच्या आसपास.

ऐन सोयाबीनच्या आवकेत डिस्क भरली. वजनकाट्यावर पावती सेव्ह होईना, ट्रॅक्टरांची रांग गेटबाहेर रस्त्यावर. संचालक म्हणतात, जुनं सगळं डिलीट मारून टाका. माझा हात धजत नाही. काय करावं?

कयाधू

बॅकअप आहे का? आणि तो कधी दुसऱ्या मशीनवर उतरवून बघितलाय का? या दोन्हींचं उत्तर ‘हो’ येईपर्यंत डिलीटचं नाव काढू नका.

मोंढ्यातला_मुनीम

रोज रात्री डम्प (सगळ्या डेटाची नक्कल) निघतो. त्याच डिस्कवर पडतो. उतरवून बघायला दुसरं मशीनच नव्हतं, आता मिलमधलं एक मागून घेतलंय.

बीडचा_बिट

मुनीमजी, डिस्क मोकळी करणं आणि डेटाबेस आवरणं ही दोन वेगळी कामं आहेत. आज फक्त पहिलं करा.

डम्पच्या फायली आधी बाहेरच्या डिस्कवर न्या. मग बिनलॉग (डेटातल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या फायली) चालू आहे का बघा. ५.७ मध्ये तो कुणी चालू करून ठेवला असेल आणि मुदतीची सेटिंग मूळच्या शून्यावरच असेल, तर त्या फायली आपोआप कधीच जात नाहीत, नुसत्या साठत राहतात. त्या फोल्डरमध्ये जाऊन हातानं उडवू नका, ‘पर्ज बायनरी लॉग्ज’ ही आज्ञा वापरा.

‘लॉग’ टेबलावर ‘डिलीट’ चालवून काही मिळणार नाही. इनोडीबीत (मायएसक्यूएलच्या टेबलं साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत) ओळी पुसल्या की जागा त्या टेबलाच्या फाइलीतच मोकळी राहते, डिस्कला परत जात नाही. परत हवी असेल तर ‘ऑप्टिमाइझ टेबल’ करावं लागतं. ते उरलेल्या ओळींचं अख्खं टेबल नव्यानं बांधतं, म्हणजे तेवढी जागा आधी मोकळी पाहिजे. भरलेल्या डिस्कवर तो प्रयोग करू नये.

त्यापेक्षा ‘लॉग’च्याच घडणीचं रिकामं टेबल बनवा आणि एकाच रिनेमच्या आज्ञेत दोघांची नावं बदलून घ्या. सॉफ्टवेअरला पत्ताही लागत नाही, ते नव्यात लिहू लागतं. नव्याचा ऑटो इन्क्रिमेंट (आपोआप वाढणारा ओळ क्रमांक) जुन्याच्या पुढून सुरू करा. ‘क्रिएट टेबल लाइक’ने ट्रिगर (टेबलात बदल झाला की आपोआप चालणारा कोड) आणि फॉरेन की (दुसऱ्या टेबलाशी बांधलेली जोड) येत नाहीत, तेवढं तपासा. जुनं टेबल बाहेर डम्प करून मग ड्रॉप केलं की जागा खरोखर परत मिळते. पण एक बघा, तुमचं टेबल फार जुनं आहे. ५.६ च्या आधीच्या सर्व्हरवर बनलेली टेबलं बहुधा सामाईक ‘आयबीडेटा१’ फाइलीत असतात, आणि ती फाइल कशानंही लहान होत नाही. तसं निघालं तर सगळाच डेटाबेस डम्प करून नव्यानं चढवावा लागेल.

लातूरची_सीए

थांबा जरा. ‘लॉग’ ड्रॉप करायच्या आधी त्यात काय आहे ते बघा.

शेतकरी उत्पादक कंपनी ही कंपनी कायद्याखालचीच कंपनी. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांनी हिशोबासाठी वापरलेल्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक व्यवहाराच्या दुरुस्तीची नोंद तारखेसकट राहिली पाहिजे, आणि ती सोय बंद करता येता कामा नये, असा नियम आहे. ऑडिटरला आपल्या अहवालात त्यावर लिहावं लागतं. कुणी पट्टीतला (शेतकऱ्याला द्यायच्या हिशोबाच्या चिठ्ठीतला) दर कधी बदलला, हे तुमच्या त्या ‘लॉग’मध्ये असेल तर तो कचरा नाही, हिशोबाच्या पुस्तकाचा भाग आहे. कंपनी कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे पुस्तकं मागच्या ८ आर्थिक वर्षांची ठेवायची. जीएसटीच्या कलम ३६ प्रमाणे त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने. अपील किंवा चौकशी चालू असेल तर ती निकाली लागेपर्यंत आणि त्यानंतरही काही काळ. तुमच्या व्हॅटच्या टेबलांनाही हाच विचार लावा. कायदा गेला म्हणून जुनी प्रकरणं जात नाहीत.

बीडचा_बिट

ताईंशी शंभर टक्के सहमत. माझ्या प्रतिसादात ‘बाहेर डम्प करून मग’ आहे ते ठळक समजावं.

हुरडा_पार्टी

एक टीबीची एसएसडी टाका आणि झोपा निवांत. तीनशे टेबलं पडून राहिली तर कुणाचं काय खातात? उगाच चालत्या गाडीचं इंजिन खोलायलेत.

मोंढ्यातला_मुनीम

‘लॉग’ उघडून बघितलं. ताई, तुम्ही थांबवलं ते बरं झालं. त्यात सगळंच एकत्र आहे. पट्टीतल्या दुरुस्त्या आहेत, पण त्या मूठभर. बाकी सगळा भरणा वजनकाट्याचा. काट्याच्या इंडिकेटरमधून येणारं वाचन आमचा प्रोग्राम दर सेकंदाला एक ओळ म्हणून लिहितो. काटा रिकामा असला तरी लिहितो. मध्यरात्री, गेट बंद, आणि खाली ओळींमागून ओळी: शून्य, शून्य, शून्य. मशीन चालू राहिलं तर दिवसाला ८६,४०० ओळी! मधेच कुठे तरी २० किलो दिसतं. वॉचमन म्हणाला, कुत्रं बसतं काट्यावर.

हुरडा_पार्टी

कुत्र्याची पट्टी काढली का मग? हमाली-तोलाई कापून?

बीडचा_बिट

😄 आता हे आधी उगमाशी बंद करा. पावती काढताना काटा स्थिर झाल्यावरचं एक भरलेलं वजन आणि एक रिकाम्या गाडीचं वजन, एवढंच ठेवायचं. आणि दुरुस्त्यांच्या नोंदी वेगळ्या टेबलात काढा, तिथे सॉफ्टवेअरच्या यूजरला फक्त ओळ घालायचा हक्क द्या, बदलायचा किंवा पुसायचा नको.

हुरडाशेठ, तुमचं म्हणणं मी उडवून लावत नाही. निम्मं खरं आहे. पडून असलेलं ‘बॅकअप_मार्च’ कुणाचं काही खात नाही. लोक साफसफाईला बसले की सगळ्यात जाड टेबल धरतात, कारण ते दिसतं. मुनीमजी, मला हे सांगा: या पसाऱ्यामुळे पैसे कुठे चुकतात?

मोंढ्यातला_मुनीम

चुकतात ना. शेतकऱ्याचं पेमेंट परत येतं. काट्यावरची पावती ‘शेतकरी_फायनल’मधून नाव उचलते, पण बँकेची फाइल ‘फार्मर_मास्टर_न्यू’मधून बनते. एकीकडे खातं बदललं तरी दुसरीकडे जुनंच. इकडे स्टेट बँक ऑफ हैदराबादची खाती गावोगाव. ती बँक १ एप्रिल २०१७ ला स्टेट बँकेत विलीन झाली, पण आमच्या टेबलात एसबीएचवायने सुरू होणारे आयएफएससी कोड अजून शेकड्यांनी आहेत. पेमेंट परत आलं की शेतकरी ऑफिसात येऊन उभा राहतो, आणि बोलणी मी खातो, टेबल नाही.

बीडचा_बिट

मग झालं. तुमची साफसफाई इथून सुरू होते. चाळीस जीबीच्या टेबलानं एक दिवस रांग लावली. तीन मास्टरमुळे दर आठवड्याला कुणाचे तरी पैसे अडकतात. क्रम जागेवर ठरवू नका, पैशावर ठरवा. शेतकरी, बँक खातं, गाव आणि दर या चार गोष्टी एकेका ठिकाणी आल्या की उरलेल्या टेबलांकडे बघायला कितीही वेळ लागला तरी चालेल.

नांदेडकर_पोरगं

भाऊ, कामून एवढा जुन्याचा सोस? नवीन सिस्टीमच बनवा की पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसवर. स्वच्छ डिझाइन, पंचवीस-तीस टेबलं. जुन्यातलं पाहिजे तेवढं इम्पोर्ट मारायचं.

कयाधू

आणि ‘पाहिजे तेवढं’ म्हणजे कोणतं, हे कसं कळणार? ते कळलं तर जुन्यातच साफ होतं की.

नांदेडकर_पोरगं

हौ, ते बी खरंय. पण ५.७ ला ऑक्टोबर २०२३ नंतर सुरक्षेचे अपडेट येत नाहीत, कधी ना कधी हलवावंच लागतंय.

बीडचा_बिट

हलवायचंच आहे, त्यात वाद नाही. पण घाण घेऊन हललात तर नव्या घरात घाण. शिवाय अपग्रेड अडतो तो याच जुन्या टेबलांवर. जन्मतारीख माहीत नाही म्हणून ‘शून्य तारीख’ भरून ठेवलेली असते, ती कडक मोडमध्ये नाकारली जाते. आणि आहे त्या जागी अपग्रेड करायचा तर ५.७ वरून ८.४ वर एकदम जाता येत नाही, मध्ये ८.० वर थांबा घ्यावा लागतो.

जुना_तलाठी

मी कॉम्प्युटरवाला नाही, पण गावांच्या यादीचा विषय निघाला म्हणून लिहितो. मुनीमसाहेब, तुमच्या गावांच्या टेबलात पिंपळगाव किती आहेत ते बघून सांगाल का?

मोंढ्यातला_मुनीम

काका, बघितलं. जसंच्या तसं देतो:

पिंपळगाव
पिंपळगांव
पिंपळगाव बु.
पिंपळगाव बु
पिंपळगांव बुद्रुक
पिंपळगाव (बु.)
पिंपळगाव खु.
पिपळगाव

तालुक्याचा रकाना निम्म्यांना रिकामा.

जुना_तलाठी

वाटलंच. आता यातल्या पहिल्या दोन ओळी बुद्रुकच्या की खुर्दच्या, की तिसऱ्याच तालुक्यातल्या पिंपळगावच्या, हे कॉम्प्युटर सांगू शकत नाही. आपल्याकडे पिंपळगाव, सावरगाव, पिंपरी ही नावं तालुक्यागणिक सापडतात. बु. आणि खु. ही दोन वेगळी महसुली गावं असतात, ‘सारखंच दिसतंय’ म्हणून एकत्र केलीत तर दोन गावचे शेतकरी एकमेकांत मिसळतील.

जिल्ह्यांचंही तेच. हिंगोली जिल्हा परभणीतून १ मे १९९९ ला वेगळा झाला. कुणी जुनी यादी भरली असेल तर वसमत, कळमनुरी परभणीतच दिसतील, वर वसमतचं बसमत झालेलं असेल. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव २०२३ मध्ये झालं, म्हणजे तुमच्याकडे दोन्ही नावं जिल्हे म्हणून वेगवेगळी नांदत असणार. अंबाजोगाई किती तऱ्हांनी लिहितात ते तर सोडाच.

उपाय एकच. केंद्राच्या पंचायती राज मंत्रालयाची लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरी आहे, तिथे प्रत्येक गावाला, तालुक्याला, जिल्ह्याला कोड आहे. तो कोड धरून बसा. नाव बदललं तरी बदलू नये म्हणूनच कोड असतो. आणि जिथे शंका येईल तिथे सातबारा मागा. त्यावर गाव, तालुका, गट नंबर सगळं आहे.

कयाधू

+१. काकांचा प्रतिसाद वाचनखूण म्हणून साठवला.

भर म्हणून: तुलना करायला नावाचा वेगळा रकाना बनवा आणि त्यातच स्वच्छता करा. ‘गांव’चं ‘गाव’, टिंब-कंस काढणे, जादा स्पेस काढणे. मूळ रकान्याला हात लावू नका. मराठीत न दिसणारी अक्षरंही घुसलेली असतात. वेगवेगळ्या कीबोर्डांवरून टाइप केलेल्या ‘ऱ्य’मध्ये कधी शून्य रुंदीचा जोडक असतो, कधी नसतो. डोळ्याला दोन्ही नावं एकच, डेटाबेसला वेगळी.

मोंढ्यातला_मुनीम

त्याहून वाईट आहे. सगळ्यात जुन्या ‘फार्मर_मास्टर’मध्ये निम्मी नावं श्रीलिपीत टाइप केलेली निघाली, त्या फॉन्टशिवाय नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी. आणि काही ठिकाणी मराठीच्या जागी डोक्यावर चिन्हं घेतलेली रोमन अक्षरं ओळीनं उभी.

बीडचा_बिट

दोन वेगळे रोग आहेत. श्रीलिपीला कन्व्हर्टरच लागेल आणि नंतर माणसानं नजर फिरवावी लागेल, जोडाक्षरं आणि रफार हमखास बिघडतात.

दुसरं म्हणजे युनिकोड मराठीच आहे, फक्त रकान्यावर ‘लॅटिन१’ची, म्हणजे रोमन अक्षरांच्या संकेताची, पाटी आहे. त्याला थेट ‘कन्व्हर्ट टू यूटीएफ८एमबी४’ (युनिकोडचा संकेत) मारू नका, बिघाड पक्का होतो. आधी रकाना बायनरी करायचा, मग बायनरीचा यूटीएफ८एमबी४. म्हणजे बाइट तेच राहतात, पाटी बदलते. आधी कॉपीवर करून बघा. एकाच रकान्यात दोन्ही प्रकारच्या ओळी असतील तर ओळी आधी वेगळ्या काढाव्या लागतील.

मोंढ्यातला_मुनीम

आता खरा प्रश्न. तीन मास्टरमधला एकच शेतकरी ओळखायचा कसा? मोबाइल नंबरनं जुळवायला गेलो तर एका नंबरावर अख्खी आळी निघाली. गावातल्या दुकानदाराचा नंबर दिलेला सगळ्यांनी. नावात कुठे विठ्ठल, कुठे विठ्ठलराव, कुठे आडनाव आधी. आधार नंबर बऱ्याच जणांचा आहे, त्यावरून करू का?

लातूरची_सीए

आधार नंबर तुमच्या टेबलात उघडा का पडलाय, हा पहिला प्रश्न. शिवाय कितीतरी ‘बॅकअप_मार्च’मध्ये त्याच्या नकला असतील. लोकांच्या ओळखीची माहिती जितक्या ठिकाणी, तितकी जबाबदारी तुमची. मला विचाराल तर हे काम दर आणि गावाच्या आधी.

बीडचा_बिट

बरोबर. जुळणी एका रकान्यावर करू नका. खाते क्रमांक, वडिलांचं नाव, गावाचा कोड, गट नंबर यातले किमान तीन जुळले तर ‘बहुधा तोच’ अशी यादी काढा. बाकी माणसानं ठरवायचं. बाप-लेकाचं सामाईक खातं असतं, भावाभावांचा गट नंबर एकच असतो, त्यामुळे आपोआप एकत्र करणं नकोच.

दुसरं सगळ्यात महत्त्वाचं: जादा ओळ पुसू नका. एक जोडटेबल करा, जुना आयडी कोणता आणि त्याचा मुख्य आयडी कोणता, कुणी ठरवलं, कधी ठरवलं. जुन्या पट्ट्यांवरचा आयडी तसाच राहू दे. पावती-पट्टी कापली त्या दिवशी जे नाव होतं ते कागदावर आहे, डेटाबेसनं ते मागे जाऊन बदलू नये. उद्या दोन शेतकरी चुकून एक केलेत असं कळलं तर जोडटेबलातली एक ओळ काढली की दोघं परत वेगळे.

नांदेडकर_पोरगं

दराच्या टेबलाचं काय? आमच्या इकडं एका ठिकाणी दर वर्षी नवीन रकाना जोडायलेत. ‘सोया_२३’, ‘सोया_२४’ अन् काय काय.

मोंढ्यातला_मुनीम

आमचंही तेच. सोयाबीनचा हमीभाव २०२४-२५ ला ४,८९२ आणि २०२५-२६ ला ५,३२८. दोन्ही वेगळ्या रकान्यात, आणि कोणता रकाना वाचायचा ते पीएचपीत हातानं लिहिलेलं. पहिल्या पोरानं तूर आणि हरभऱ्यालाही तसंच केलंय.

कयाधू

पीक, दर, कधीपासून, कधीपर्यंत. चार रकाने, वर्षाला एक ओळ. जुने रकाने ओळींत उतरवून घ्या आणि जुन्या नावाचा व्ह्यू (टेबलासारखी दिसणारी तयार क्वेरी) ठेवा, म्हणजे जुना कोड लगेच मोडणार नाही.

मोंढ्यातला_मुनीम

महिनाभरानं धागा वर काढतोय. डिस्क मोकळी आहे, काट्याच्या ओळी बंद झाल्या, दुरुस्त्यांचा लॉग वेगळा झाला. बँकेची फाइल आणि पावती आता एकाच मास्टरवरून निघतात. परत येणारी पेमेंट पार थांबली नाहीत, पण आता येतात ती बहुतेक बंद पडलेल्या खात्यांची.

आता उरलेली टेबलं. कोणती वापरात नाहीत हे शोधायला परफॉर्मन्स स्कीमा (मायएसक्यूएल स्वतःच ठेवतो ती वापराची मोजणी) बघायला सांगतात सगळे. बघितलं तर दोनशेच्या वर टेबलांना शून्य वापर. इतकी निरुपयोगी असतील का?

बीडचा_बिट

तुमच्याकडे लाइट किती वेळा जाते?

मोंढ्यातला_मुनीम

यूपीएस आहे पण तासाभराचा. आठवड्यातून एखाद-दोनदा सर्व्हर बंद पडतोच.

बीडचा_बिट

मग ते आकडे सर्व्हर शेवटचा चालू झाल्यापासूनचे आहेत. परफॉर्मन्स स्कीमातले मोजमाप रीस्टार्टला पुसलं जातं. न वापरलेल्या इंडेक्सची जी तयार यादी मिळते तिचंही तसंच. दर तासाला ते आकडे दुसऱ्या टेबलात उतरवून ठेवणारं छोटं क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) लावा.

आणि मोजायचं किती दिवस? लोक महिना म्हणतात. मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, महिना पुरत नाही. सोयाबीन दिवाळीच्या आगेमागे, तूर जानेवारी-फेब्रुवारीत, मग हरभरा, मग मार्च क्लोजिंग. डिसेंबरात तुरीचं टेबल मेल्यासारखंच दिसणार.

त्याहून चांगली पद्धत म्हणजे टेबलांची यादी छापून पट्टी कापणाऱ्या आणि गोदाम बघणाऱ्या माणसांसमोर ठेवा. प्रत्येक टेबलातल्या शेवटच्या पाच ओळी खाली छापा.

मोंढ्यातला_मुनीम

तसं केलं. ‘टेम्प_२’ मी काढायच्या यादीत धरलं होतं, जेमतेम दहा-अकरा ओळी, नुसते आकडे. गोदामपालांनी कागद हातात घेतला आणि म्हणाले, हे हमीभाव केंद्राच्या हमालीचे दर. पन्नास किलोच्या कट्ट्याला भरणं किती, शिवणं किती, थप्पी लावणं किती. कोडमध्ये शोधलं तर खरंच, हमीभावाची खरेदी चालू झाली की हमाली तिथूनच वाचली जाते. फेब्रुवारीत मुकादमानं मला गाठलं असतं.

हुरडा_पार्टी

गोदामपालांना डेटाबेस ॲडमिनचा पगार द्या.

कयाधू

संशयित टेबलं लगेच ड्रॉप करू नका. ‘माळा’ नावाची वेगळी स्कीमा (टेबलांचा वेगळा कप्पा) करा आणि रिनेम करून टेबल तिथे टाका. डेटा जागचा हलत नाही, काम क्षणात होतं. सॉफ्टवेअरच्या यूजरला माळ्यावरचा हक्क द्यायचा नाही. कुणी मागितलं तर एरर येतो आणि कुणी मागितलं ते कळतं, मग तसंच खाली उतरवायचं. टेबलावर ट्रिगर असेल तर दुसऱ्या स्कीमात रिनेम होत नाही, त्यावर बेतलेले व्ह्यू मोडतात, आणि फॉरेन की मात्र मागोमाग जाते, ती नव्या जागेकडे बोट दाखवत राहते. हे तिन्ही आधी तपासा.

नांदेडकर_पोरगं

माळा! लई भारी. आमच्या प्रोजेक्टात बी हेच नाव देतो आता.

मोंढ्यातला_मुनीम

मार्च क्लोजिंगनंतरचा हिशोब: दीडशेच्या आसपास टेबलं माळ्यावर गेली, सात-आठ खाली परत आली. त्यातलं एक मिलच्या वीजबिलाचं होतं, कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. आधार नंबर एका टेबलात झाकून ठेवलेत, बाकी ठिकाणचे पुसले, माळ्यावरच्या नकलांमधलेही. तीन मास्टरची जुळणी अजून चालू आहे. हिंगोलीकडच्या गावांना काकांनी सांगितलं तसा सातबारा मागावा लागतोय.

आता माळा रिकामा केला तर चालेल का? संचालक परत मागे लागलेत.

जुना_तलाठी

खरिपाचं काय? कंपनी सभासदांना बियाणं-खत देत असेल ना?

मोंढ्यातला_मुनीम

देते की. त्याची नोंद जूनमध्येच होते. बियाणं वाटपाची दोन टेबलं माळ्यावर दिसतायत.

बीडचा_बिट

मग जून जाऊ द्या. डिस्कला आता घाई नाही.

लातूरची_सीए

आणि ड्रॉप करायच्या टेबलांची यादी, कोणत्या वर्षांचा डेटा, डम्प कुठे ठेवलाय, हे संचालक मंडळाच्या बैठकीत ठरावात घ्या. एकट्यानं काढलं असं उद्या कुणी म्हणायला नको. डम्पची एक प्रत ऑफिसबाहेर.

मोंढ्यातला_मुनीम

हो ताई. यादी जुलैच्या बैठकीच्या अजेंड्यावर टाकलीय. व्हॅटची टेबलं तेवढी त्यातून वगळली, अडत दुकानाच्या काळातलं एका वर्षाचं अपील अजून बाकी निघालं.